निःशब्द वाहन आणि पायी चालणारा माणूस

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विजेवर चालणाऱ्या मोटारीचे गुण सांगताना ती धूर सोडत नाही हे जसे सांगितले जाते, तसेच लगोलग ती आवाज करीत नाही हेही सांगितले जाते. शहरातील गोंगाटाने विटलेल्या माणसाला हा दुसरा गुण मोलाचा वाटावा यात नवल नाही. परंतु अर्थशास्त्रातील एक जुना आणि फारसा लोकप्रिय नसलेला प्रश्न येथेही विचारावा लागतो. हा लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि त्याची किंमत कोण मोजतो? शांतता मोटारीत बसलेल्याला मिळते. धोका मोटारीबाहेर, पायी चालणाऱ्याच्या वाट्याला येतो. ज्याने ते वाहन विकत घेतले नाही, ज्याला ते घेणे परवडणारही नाही, त्याच्या कानांना आजवर विनामूल्य मिळत आलेली एक सूचना या व्यवहारात परस्पर काढून घेतली गेली आहे. आणि व्यवहार ठरला तेव्हा त्याला कोणी विचारले नव्हते.

मोटारीचा आवाज हा उपद्रव आहे, हे खरेच. पण तो केवळ उपद्रव नव्हता. अंध मनुष्य रस्ता कसा ओलांडतो, याची डोळस माणसाला सहसा कल्पना नसते. पांढरी काठी त्याला पायापुढचे दोन-तीन हात सांगते. त्यापलीकडचे जग त्याला कानांनी वाचावे लागते. चौकात उभा राहून तो प्रथम वाहनांचा ओघ कोणत्या दिशेने चालला आहे ते ऐकतो. समोरून आडवी जाणारी वाहने थांबली, त्यांची इंजिने जागच्या जागी धडधडू लागली आणि त्याच्या चालण्याच्या दिशेला समांतर असलेली वाहने एकदम जोर घेऊन निघाली, म्हणजे दिवा बदलला असे त्याने समजावयाचे, आणि त्या समांतर ओघाचा आवाज एका कानाशी धरून आपली चाल सरळ ठेवीत पलीकडे जावयाचे. अंधांना स्वतंत्रपणे हिंडण्याफिरण्याचे जे रीतसर शिक्षण दिले जाते, त्यात हेच शिकविले जाते. म्हणजे थांबलेल्या इंजिनाची धडधड हीसुद्धा त्याच्या लेखी या लिपीतील एक अक्षर असते. विजेची मोटार थांबली की ते अक्षर पुसले जाते. समोर मोटार उभी आहे की रस्ता मोकळा आहे, हे कळावयास मार्गच उरत नाही.

आणि हा प्रश्न केवळ अंधांचा आहे असेही नाही. डोळस माणूसदेखील रस्त्यावर डोळ्यांइतकाच कानांवर विसंबून असतो, फक्त त्याला त्याची जाणीव नसते. पाठीमागून येणारे वाहन कोणाला दिसते? चेंडूमागे धावणारे मूल, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, मान वळविणे जड जाणारे म्हातारे, सायकलवाला, पहाटे रस्ता झाडणारा सफाई कामगार, हे सर्व मागचे जग कानांनीच ओळखतात.

वाहनाच्या आवाजाचे मुख्य उगम दोन: इंजिन, आणि रस्त्यावर फिरणारे टायर. वेग वाढला की टायरांचा व वाऱ्याचा आवाज इंजिनाला मागे टाकतो. ताशी तीस किलोमीटरच्या पुढे विजेची मोटार आणि पेट्रोलची मोटार यांत कानाला फारसा भेद उरत नाही. भेद आहे तो मंद वेगात, आणि नेमक्या याच वेगात वाहन व पादचारी एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात. गल्लीच्या तोंडाशी, शाळेच्या दाराशी, मंडईत, इमारतीच्या आवारात मोटार मागे घेताना असेच होते. महामार्गावरचा हा प्रश्नच नव्हे.

टोयोटा कंपनीची प्रियस ही हायब्रिड मोटार, म्हणजे पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणारी मोटार, १९९७ मध्ये जपानात व २००० च्या सुमारास अमेरिकेत विक्रीस आली. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेतील अंधांच्या राष्ट्रीय महासंघाने हा प्रश्न उपस्थित केला. हे मुद्दाम नमूद केले पाहिजे, कारण प्रश्न शोधून काढला तो अभियंत्यांनी नव्हे, ज्यांच्या अंगावर तो येत होता त्यांनी. संशोधन मागाहून आले. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतील मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स रोझेनब्लम यांनी प्रयोगांती दाखविले की, विजेवर मंद चाललेली हायब्रिड मोटार साध्या मोटारीपेक्षा बरीच अधिक जवळ आल्याखेरीज ती कोणत्या बाजूने येत आहे हे ऐकणाऱ्याला ओळखता येत नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने अपघातांच्या नोंदी तपासल्या. वेग कमी करणे, थांबणे, मागे येणे, वाहनतळात शिरणे वा निघणे अशा प्रसंगी हायब्रिड मोटारीने पादचाऱ्याला ठोकरण्याचे प्रमाण साध्या मोटारीच्या सुमारे दुप्पट आढळले. पुढे २०२४ मध्ये लंडनच्या स्वच्छता व उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयातील संशोधकांनी ब्रिटनमधील २०१३ ते २०१७ या काळातील नोंदींवरून काढलेला निष्कर्ष याच जातीचा आहे: कापलेल्या अंतराच्या प्रमाणात पाहता विजेच्या व हायब्रिड मोटारींकडून पादचारी जखमी होण्याचा संभव दुप्पट, आणि शहरी भागात तो त्याहूनही अधिक.

अमेरिकेच्या काँग्रेसने २०१० च्या डिसेंबरात पादचारी सुरक्षा वृद्धी कायदा संमत केला आणि ४ जानेवारी २०११ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामा यांची स्वाक्षरी झाली. मोटार उत्पादकांची संघटना आणि अंधांचा महासंघ यांनी या कायद्यासाठी आधीच एकमत केले होते. नियम तीन वर्षांत करावयाचा होता. प्रत्यक्षात तो २०१६ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला, त्याची मुदत वरचेवर लांबविण्यात आली, आणि संपूर्ण अंमल यावयास मार्च २०२१ उजाडला. उभयपक्षी एकमत असलेल्या, फारसा वादग्रस्त नसलेल्या कायद्याला दहा वर्षे लागली. या दहा वर्षांत विकल्या गेलेल्या मोटारी आजही त्या रस्त्यांवरून मुक्याने धावत आहेत.

खर्च किती, हेही पाहावे. त्याच प्रशासनाने केलेल्या हिशेबानुसार मोटारीबाहेर पाण्यापासून सुरक्षित असा एक ध्वनिवर्धक बसविण्यासाठी सगळ्या उद्योगाला मिळून वर्षाला सुमारे ३.९ कोटी डॉलर खर्च येणार होता. उलट टळणाऱ्या दुखापतींची किंमत २५ ते ३२ कोटी डॉलर आणि टळणाऱ्या दुखापती वर्षाला सुमारे २,४०० इतक्या अंदाजिल्या होत्या. हिशेब पुरेसा बोलका आहे. तथापि या प्रकारच्या हिशेबात एक मोठी उणीव राहते आणि ती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी. नोंद होते ती घडलेल्या अपघाताची. ज्या अंध माणसाने भीतीपोटी एकट्याने बाहेर पडणेच सोडून दिले, जी नोकरी त्यापायी नाकारली, ज्या आजीने संध्याकाळी देवळात जाणे बंद केले, त्यांची नोंद कोणत्याही पोलीस ठाण्यात होत नाही. घरात बसलेल्या माणसाला मोटार ठोकरीत नाही. त्यामुळे आकडेवारी सुधारते आणि माणसाचे स्वातंत्र्य तेवढे आक्रसते. अपघातांची संख्या कमी म्हणून प्रश्न लहान, असा युक्तिवाद जेव्हा केला जातो, तेव्हा त्या कमी संख्येत भीतीचा वाटा किती हे विचारले पाहिजे.

युरोपात प्रारंभी हा ध्वनी उत्पादकांच्या मर्जीवर सोडण्याचा विचार होता. अंधांच्या संघटनांच्या रेट्यामुळे २०१४ च्या नियमात तो सक्तीचा झाला. जुलै २०१९ पासून नव्या नमुन्यांना आणि जुलै २०२१ पासून सर्व नव्या मोटारींना तो लागू झाला. ताशी वीस किलोमीटरपर्यंत आणि मोटार मागे येताना तो वाजला पाहिजे; वीसच्या वेगाला किमान ५६ डेसिबल, कमाल ७५. आधीच्या तरतुदीत चालकाला तो आवाज बंद करण्याची कळ ठेवण्याची मुभा होती! २०१७ मध्ये ती काढून टाकण्यात आली. अमेरिकेचा नियम ताशी तीस किलोमीटरपर्यंत जातो आणि गिअर ‘पार्क’मध्ये नसेल तर उभ्या मोटारीनेही आवाज केला पाहिजे असे सांगतो. युरोपीय नियम उभ्या मोटारीला मोकळे सोडतो. चौकातील अंध माणसाचे जे वर्णन वर केले, त्याच्या दृष्टीने अमेरिकेचा नियम अधिक शहाणा आहे.

बाजारपेठेने या गोष्टीचे काय केले, हेही मनोरंजक आहे. नियम पादचाऱ्यासाठी झाला. पण ध्वनी ही वस्तू हाती आल्याबरोबर ती ग्राहकासाठी सजवली जाऊ लागली. एका इटालियन मोटारीला फेलिनीच्या ‘अमारकोर्द’ या चित्रपटातील निनो रोता यांची धून दिली गेली. बीएमडब्ल्यूने आपल्या विजेच्या मोटारींचे ध्वनी रचण्यासाठी २०१९ मध्ये हान्स झिमर या चित्रपटसंगीतकारांना बोलावले. हे ध्वनी मुख्यतः आत बसलेल्याला वेगाचा आनंद मिळावा म्हणून. अमेरिकेत चालकाला आपल्या आवडीचा इशाराध्वनी निवडू द्यावा, असा प्रस्ताव २०१९ मध्ये पुढे आला. तो २०२२ मध्ये प्रशासनाने फेटाळला, हे योग्यच झाले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत टेस्ला कंपनीला सुमारे पावणेसहा लाख मोटारी दुरुस्तीसाठी परत घ्याव्या लागल्या, कारण चालत्या मोटारीतून बाहेर हवे ते आवाज वाजविण्याची जी करामत तिने दिली होती, तिच्यात पादचाऱ्यांसाठीचा इशारा बुडून जाऊ शकत होता. ज्याने पैसे दिले त्याची हौस आणि ज्याने दिले नाहीत त्याचा जीव, या दोहोंत बाजार आपण होऊन कोणाची निवड करतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

येथे कोणी म्हणेल की, हॉर्न आहे की! आपल्याकडे तर तो हवा त्याहून अधिक आहे. परंतु हॉर्न आणि वाहनाचा स्वाभाविक आवाज या एकाच जातीच्या गोष्टी नव्हेत. हॉर्न ही आज्ञा आहे. तो चालकाच्या मर्जीने वाजतो, चालकाला पादचारी दिसला तरच वाजतो, आणि त्याचा अर्थ ‘बाजूला हो’ असा असतो. वाहनाचा आवाज ही माहिती आहे. चालकाचे लक्ष असो वा नसो, ती पादचाऱ्याला मिळते आणि काय करावयाचे ते त्याचे तो ठरवितो. बैलांच्या गळ्यातील घुंगरमाळा अंधाऱ्या वाटेवर हेच काम करीत. बर्फाळ देशांत घोड्यांच्या घसरगाड्या मऊ बर्फावरून निःशब्द येत, म्हणून घोड्यांना घंटा बांधण्याची सक्ती ठिकठिकाणी झाली होती. हॉर्नच्या जागी बासरी-तबल्याचे सूर आणण्याची कल्पना केंद्रीय वाहतूकमंत्र्यांनी २०२१ मध्ये नाशिक येथे बोलून दाखविली होती. तिने आज्ञा गोड होईल एवढेच, ती माहिती होणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो सद्हेतूने घेतला जातो. आवाजाच्या प्रदूषणातून कशीबशी सुटका होण्याची वेळ आली असताना शांत वाहनांना मुद्दाम बोलते करावयाचे, ही उलटी गंगा नव्हे काय? मात्र प्रमाण पाहिले की आक्षेपाचा जोर ओसरतो. ५६ डेसिबल म्हणजे दोन माणसांच्या साध्या संभाषणाहून काहीसा कमीच आवाज, आणि तोही मंद वेगापुरता. शहराच्या गोंगाटाचे मूळ वेगवान वाहतूक, जुनी इंजिने आणि हॉर्न हे आहे. त्यांना हात न लावता पादचाऱ्याच्या सूचनेवर काटकसर करणे म्हणजे श्रीमंताच्या मेजवानीकडे काणाडोळा करून गरिबाच्या ताटातले मीठ मोजण्यासारखे आहे.

रस्त्याच्या इतिहासात असे पूर्वीही झाले आहे. १८६५ च्या ब्रिटिश कायद्याने यांत्रिक वाहनापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालविला होता. त्या कायद्याची आज चेष्टा होते, पण धोका निर्माण करणाऱ्यानेच सूचना द्यावी हे त्यामागचे तत्त्व चेष्टेचे नव्हते. मोटारी वाढल्या तसे ते उलटले. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मोटार व्यवसायाने ‘जेवॉकर’ ही शिवी प्रचारात आणली. लॉस एंजेलिससारख्या शहरांनी पादचाऱ्याला बांधून घालणारे नियम केले. आणि ज्या रस्त्यावर माणसे शतकानुशतके मोकळी वावरत होती, तेथे ती अपराधी ठरली. मोबाइल बघत चालतात म्हणून अपघात होतात, असे आज पादचाऱ्यांना जेव्हा ऐकविले जाते, तेव्हा तोच प्रवाह पुढे चालू असतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ३२,८२५ पायी चालणारी होती. २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या पन्नास लाखांहून अधिक भरली. रस्ते आणि वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासनावर टाकली आहे. या पार्श्वभूमीवर २०२५ च्या सप्टेंबरात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने विजेच्या वाहनांना इशाराध्वनी सक्तीचा करणाऱ्या नियमाचा मसुदा प्रसिद्ध केला. ऑक्टोबर २०२६ पासून नव्या नमुन्यांना आणि ऑक्टोबर २०२७ पासून चालू नमुन्यांनाही तो लागू करावा, असे त्यात सुचविले होते. मसुद्याचे स्वागत करावयास हवे. परंतु तो ज्या वाहनवर्गांसाठी केला, ते वर्ग एम आणि एन: म्हणजे मोटारी, बसगाड्या आणि मालमोटारी. दुचाकी नाही, तिचाकी नाही.

हे असे का झाले, हे सांगण्यास फार संशोधन नको. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमाच्या धर्तीवर हे सर्व चालले आहे, तोही एम आणि एन या वर्गांपुरताच आहे. कारण तो ज्या देशांनी घडविला, तेथे विजेचे वाहन म्हणजे प्रामुख्याने चारचाकी मोटार. भारतात चित्र नेमके उलटे आहे. २०२३-२४ या वर्षी देशात विकल्या गेलेल्या विजेच्या वाहनांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक दुचाकी आणि तिचाकी होती. नियमाची भाषा आयात झाली आणि रस्ता मात्र येथलाच राहिला.

यातही ई-रिक्षाचे उदाहरण विशेष विचार करण्याजोगे आहे. २०१४ च्या केंद्रीय नियमांनी तिची वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर ठरविली. म्हणजे वाहनाचा आवाज ज्या वेगात ऐकू येत नाही, जवळजवळ त्याच वेगात तिचे सारे आयुष्य जावयाचे. (जुन्या ई-रिक्षा पत्र्याच्या खडखडाटामुळे लांबून ओळखू येतात; पण खिळखिळेपणाला सुरक्षा-योजना म्हणता येत नाही.) याच्याही खालच्या पायरीवर २५० वॅटपर्यंतच्या मोटरची आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेगाची दुचाकी आहे. कायद्याच्या व्याख्येत ती मोटार वाहनच नाही. तिला नोंदणी नाही, चालकाला परवाना नाही, आणि शाळकरी मुलेही ती चालवितात. पदपथावरून, उलट दिशेने, गर्दीच्या कडेकडेने ती सरकत येते. पुण्यात वा नागपुरात ज्यांना कोपराशी अकस्मात धक्का बसतो, त्यांना तो बहुधा मोटारीचा नसतो.

हे बोलणे ई-रिक्षाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट केलेले बरे. माथेरानमध्ये माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून तिच्या जागी ई-रिक्षा आणावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टात दिला. श्रमिकांच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने तो फार आधी यावयास हवा होता. पण माथेरान हे मोटारी नसलेले, पायी चालणाऱ्यांचे गाव आहे. तेथे लोक रस्त्याच्या मधोमध निर्धास्तपणे चालतात आणि मागून येणाऱ्या घोड्याच्या टापा त्यांना ऐकू येतात. अशा गावात जे वाहन आणावयाचे, त्याला आवाज असावा ही मागणी रिक्षा ओढणाऱ्याच्या मुक्तीच्या आड येत नाही. कर्जत-कल्याणच्या बाजारपेठांतही तीच गोष्ट.

यासाठी पैसा कोणी द्यावयाचा, हा प्रश्न उरतो. ध्वनिवर्धकाचा भार गरीब रिक्षाचालकावर पडू नये, हे उघड आहे. पण विजेच्या वाहनांसाठी सार्वजनिक तिजोरीतून २०१९ च्या फेम योजनेत दहा हजार कोटी आणि २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत १०,९०० कोटी रुपयांची तरतूद झाली, आणि तिचा लाभ दुचाकी-तिचाकींनाही मिळाला. अनुदान घेणाऱ्या वाहनाने बॅटरी कशी असावी, सुटे भाग कोठले असावेत, याच्या अटी शासनाने घातल्या. त्यांत पायी चालणाऱ्यासाठी एक अट घालणे अशक्य नव्हते. हा पैसा त्याच्याही करांतून आलेला आहे. काडेपेटी विकत घेणाराही अप्रत्यक्ष कर भरतोच.

शेवटचा मुद्दा कार्यपद्धतीचा. अमेरिकेच्या कायद्यातच असे लिहिले होते की, नियम ठरविताना अंधांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या संघटनांशी विचारविनिमय करावा. आपल्याकडील वाहन मानके ज्या समितीत तयार होतात, तिचे सचिवालय पुण्यात वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत आहे. टेकडी शांत आहे, आणि शांत जागेत मोजलेले ५६ डेसिबल लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता ऐकू येतीलच असे नाही. तेव्हा दुचाकी व तिचाकी यांचा समावेश नियमात करावा, अडीचशे वॅटच्या आतील वाहनांना कारखान्यातच ध्वनी बसविण्याचे बंधन घालावे, बंद करण्याची कळ कोणत्याही वाहनास देऊ नये. आणि मानक कायम करण्यापूर्वी त्याची चाचणी टेकडी उतरून मंडईच्या रस्त्यावर, गर्दीच्या वेळी, काठी घेऊन चालणाऱ्या माणसांना बरोबर घेऊन करावी. त्यांना वाहन किती पावलांवर असताना ऐकू आले, ते मोजावे, आणि आवाजाची किमान पातळी त्यावरून ठरवावी.